चव्वेचाळीस नंबरची खरखर

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. खरंच वाकले होते, टेबलाखाली संगणकाची वायर जोडत होते, तोच नमस्कार तू घे.

कंपनीने मला ज्या हॉस्पिटलात पाठवलंय ते तुझंच आहे. एकतीस वर्षं तू ज्या दारातून टेलिफोनच्या खोलीत गेलास, त्याच दारातून मी रोज आत जाते. पहारेकरी माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघतो आणि तरी अडवतो. ‘ऑपरेटरची भाची’ म्हटलं की लगेच सोडतो. तुझी खोली आता कुलूपबंद आहे, फोन आपोआप जोडले जातात.

माझं काम काय, ते आईला तीनदा सांगितलं. ती शेजारी सांगते की मी हॉस्पिटलात चित्रं काढते. ते अगदीच खोटं नाही. इथे चारशे ऐंशी माणसं काम करतात. प्रत्येकाला एक कागद द्यायचा. त्यावर एकच प्रश्न: ‘कामात अडलं तर तुम्ही कुणाकडे जाता? तीन नावं लिहा.’ मग प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढायचा आणि जो ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे एक रेघ. ज्याच्याकडे जास्त रेघा येतात त्याचा ठिपका मोठा. पुढच्या वर्षी सगळे नव्या इमारतीत जाणार आहेत, तेव्हा कुणाला कुणाजवळ बसवायचं ते या नकाशावरून ठरेल, असं मला सांगितलंय.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. दोन दिवसांत डोक्याचा भुगा झालाय. तुला इथलं पान न् पान ठाऊक आहे, म्हणून लिहिते. फोन करणार होते, पण दादा म्हणाला, बाबा फोनवर येत नाहीत. का रे?

तुझी भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि त्या टेबलाखालून बाहेर ये.

फोन करू नकोस. इथला फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये कायम सगळं घर असतं. मुलाने एक मोबाइल दिलाय, तो मी इमानेइतबारे चार्जिंगला लावतो, तेवढाच आमचा संबंध. पत्र बरं. पत्र कुणी मध्येच कापत नाही.

तुझं काम मला समजलं आणि नाहीही समजलं. हे तर मी एकतीस वर्षं करत होतो. माझ्यासमोर शंभर भोकांचा लाकडी पाट होता. दिवसभर कोण कुणाला मागतंय ते मी दोऱ्यांनी जोडत होतो. सकाळी अकराला पाटाकडे बघितलं की हॉस्पिटलात काय चाललंय ते कळायचं. ऑपरेशन थिएटरकडून रक्तपेढीकडे तीन दोऱ्या गेल्या की मी पाण्याचा पेला बाजूला ठेवून सावरून बसायचो. मला कुणी त्याचं चित्र काढायला सांगितलं नाही, नाहीतर मीही साहेब झालो असतो.

एक सांगतो. कोण कुणाला फोन करतो आणि कोण कुणाच्या उपयोगी पडतो, यात फरक असतो. नेमका काय, ते मला नीट सांगता येणार नाही. तू शिकलेली आहेस, बघ काही सुचतं का.

आणि हो, तळघरात लिनन रूम आहे, चादरी-गाऊन ठेवतात ती. ती अजून आहे का? तिथल्या चव्वेचाळीस नंबरच्या फोनला खरखर होती. दुरुस्त झाली का तेवढं बघ. उगाच विचारतोय.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

कागद परत आले आणि मी पार गोंधळून गेले.

माणसं नावंच लिहीत नाहीत. मी ‘तीन नावं लिहा’ असं ठळक छापलं होतं. उत्तरं काय आली बघ: ‘मावशी’, ‘मोठे डॉक्टर’, ‘टकलू’, ‘आक्का’, ‘आपला तो’, ‘वहिनी’. जखमा बांधणाऱ्या एका ड्रेसरने लिहिलंय, ‘ज्याला त्याला माहीत आहे.’ संगणकाला कर्मचाऱ्यांच्या यादीतलं पूर्ण नाव लागतं. जे यादीत सापडत नाही ते तो आपोआप गाळतो. तेराशे उत्तरांमधली दोनशे नव्वद गळली. कंपनीतले साहेब म्हणाले, एवढी गळतात, पुढे चला.

गाळलेल्या शब्दांची यादी मी तरीही काढली. ‘टकलू’ कोण ते सापडलं, तो एक्स-रेचा माणूस स्वतःच हसत पुढे आला. पण ‘वहिनी’ एकसष्ट वेळा आलंय आणि ‘आक्का’ अठ्ठेचाळीस वेळा. मी एका सिस्टरला विचारलं, ही वहिनी कोण? ती दुसरीकडे बघायला लागली. ‘तुम्ही आम्हाला विचारताय?’ म्हणाली आणि ट्रे घेऊन पळाली. वॉर्डबॉयला विचारलं, तो लाजला. लाजण्यासारखं मी काय विचारलं होतं? माझा अंदाज आहे की मुख्य सिस्टरच असणार, त्यांना सगळे घाबरतात. तू सांग. वहिनी कोण?

सोबत नकाशाची एक प्रत पाठवते. सगळ्यात मोठा ठिपका कुणाचा माहीत आहे? प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याचा. सत्त्याण्णव रेघा. अधीक्षकांच्या ठिपक्याला अकरा. ते त्यांना कसं दाखवायचं?

तुझी लिनन रूम आहे. तिथे एक बाई आहेत, नकाशात अगदी खाली कोपऱ्यात सापडतील. फोनचं विचारायला वेळ झाला नाही.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरे,

नकाशा मिळाला. सुनेला वाटलं भरतकामाचा नमुना आहे, ती म्हणाली, टाका अवघड दिसतोय. मला आधी माझ्या पाटाची वायरिंग वाटली. तासभर मी त्यात रक्तपेढी शोधत होतो. मग ध्यानात आलं, इथे रक्तपेढी नाही, रक्तपेढीतली माणसं आहेत, आणि तीही अशी विखुरलेली की बिचारी एकमेकांना ओळखत नसावीत.

मोठा ठिपका म्हणजे मोठा अधिकारी, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे प्रिंटरवाल्याला मी निम्मं पान अधीक्षक समजत होतो. बरोबरच होतं म्हण ना, छापल्याशिवाय अधीक्षकांचंही काही चालत नसणार.

लिनन रूम शोधली. सापडेना. कोपऱ्यात पानाच्या आकड्याजवळ एक डाग दिसला, छपाईची शाई सांडली असेल म्हणून खोडरबर घेऊन पुसायला गेलो. चष्मा पुसून बघितलं तर त्याला दोन केसांएवढ्या रेघा होत्या. तोच ठिपका ना? दोनच कशा? तुझं काहीतरी चुकलंय. मी तुला चुकीचं म्हणत नाही, पण चुकलंय.

वहिनीचं विचारतेस. आता वहिनी काय, कुणाचीही असू शकते. माणसं कुणालाही काहीही म्हणतात. मला नीटसं आठवत नाही. सहा वर्षं झाली.

चव्वेचाळीसची खरखर बघितलीस का?

मामा


४ मार्च

मामा,

मी कुठे येऊन पडले आहे, मला कळत नाही.

परवा साहेबांनी मला बोलावलं. नकाशा टेबलावर होता आणि लहान ठिपक्यांभोवती लाल वर्तुळं काढलेली होती. बावीस वर्तुळं. नव्या इमारतीत ही बावीस माणसं घ्यायची नाहीत. ज्यांच्याकडे कुणी जात नाही त्यांच्यावाचून अडत नाही, असं म्हणणं. वर अधीक्षकांची सही झालीसुद्धा. वीस तारखेला त्यांच्या हातात पत्रं पडतील. आणि हे बाहेर बोलायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं आहे. कुणाला कुणाजवळ बसवायचं म्हणून मी ठिपके काढले, मामा. तुला सांगितलं हेही चुकलंच, पण कुणाला तरी सांगायला हवं होतं.

कोपऱ्यातल्या ठिपक्याभोवतीही वर्तुळ आहे. तुझ्या लिनन रूमच्या बाई. नव्या इमारतीत चादरी बाहेरून धुऊन, पाकिटात बंद होऊन येणार, मग खोली कशाला आणि बाई कशाला.

मी काल खाली गेले. काहीतरी कारण हवं म्हणून तुझी खरखर घेऊन गेले. खोली लांबट आहे, छतापर्यंत फडताळं, साबणाचा आणि इस्त्रीचा वास. एक नवी सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती आणि बाई तिच्या डगल्याचं बटण लावत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. बाई म्हणाल्या, ‘सातमधला पलंग रिकामा झाला, आत्ताच चादर आली, तिथे हलवा त्यांना.’ मला वाटलं, यांना कसं कळतं? पण विचारलं नाही. मी फोनचं विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘कुणी विचारायला सांगितलं?’

‘मामाने,’ मी म्हटलं. ‘इथे ऑपरेटर होता.’

त्या चादरीची घडी घालत होत्या. ती मोडली, परत घातली, परत मोडली. मग म्हणाल्या, ‘बरे आहेत ना?’

मी म्हटलं, ‘एकदम ठणठणीत. फोनवर बोलायचा कंटाळा करतो, एवढंच.’

‘हो,’ त्या म्हणाल्या, ‘कंटाळा असेल.’

मला त्या आवडल्या. पण आवडण्याने नकाशा बदलत नाही. त्यांच्याकडे दोनच रेघा येतात आणि त्यांच्याकडून एकही जात नाही. ती दोनशे नव्वद उत्तरं कुणाबद्दल होती हे कळलं तरच काही करता येईल. इथे विचारलं की सगळे तोंड फिरवतात, आणि कशासाठी विचारते ते मला सांगता येत नाही. तू एकटाच सांगू शकतोस. वहिनी कोण? आक्का कोण? आठव ना.

भिंगरी


१२ मार्च

मामा,

तुझं पत्र नाही. बरा आहेस ना? वीस तारीख आठ दिवसांवर आली. मुख्य सिस्टरना मी धीर करून विचारलं, ‘वहिनी तुम्हीच का?’ त्या इतक्या चिडल्या की माझा तिसऱ्या मजल्यावर जायचा मार्ग बंद झाला.

भिंगरी


१४ मार्च

भिंगरे,

तुझं चार तारखेचं पत्र उशीखाली होतं. वाचलं, ठेवलं, परत वाचलं. तू त्यांना ‘कंटाळा’ म्हणालीस तिथे येऊन मी दर वेळी थांबत होतो. तुझा दोष नाही. मीच सगळ्यांना तेच सांगितलंय.

आता नीट लिहितो. हसायचं असेल तर हस, पण आईला सांगू नकोस. नाहीतर सांग. मला आता कळेनासं झालंय.

वहिनी म्हणजे लिनन रूमच्या बाई. सिस्टर मंडळी त्यांना वहिनी म्हणतात ते माझ्यामुळे, आणि तू माझी भाची, म्हणून तुझ्यासमोर सगळ्यांची दातखीळ बसते. तसं काही नव्हतं. म्हणजे, होतं. तुझी मामी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, त्यांचे यजमान त्याआधीच गेलेले. मी रोज सकाळी सातला सगळ्या फोनांच्या लाइनी तपासायचो. एकेक नंबर फिरवायचा आणि विचारायचं, ‘ऐकू येतंय का?’ पलीकडून म्हणायचं, ‘येतंय.’ की पुढचा नंबर. चव्वेचाळीसला मी सगळ्यात शेवटी फोन लावायचो, म्हणजे मग पुढचा नंबर नसायचा. खरखर होती असं मी नोंदवहीत लिहायचो. वेळ जास्त लागतो त्याला काही कारण नको का? अकरा वर्षं ती खरखर दुरुस्त झाली नाही.

आयाबाया त्यांनाच आक्का म्हणतात. आणि डॉक्टर मंडळी त्यांना काहीच म्हणत नाहीत, ती नुसती ‘चव्वेचाळीसला विचारा’ म्हणतात. चादर कुठून आली हे ज्याला कळतं त्याला माणूस कुठे गेला तेही कळतं, म्हणून सगळं हॉस्पिटल तिथे विचारतं. माझ्या पाटावर सगळ्यात झिजलेलं भोक चव्वेचाळीसचं होतं. तुझ्या नकाशात ते पुसायला मी खोडरबर घेतलं, यावरून माझी अक्कल समज.

वहिनीचं मला आठवत नाही असं मी लिहिलं ते खोटं. लाज वाटली. म्हाताऱ्याची लाज वाचवायला मी त्यांची नोकरी घालवत होतो, हे तुझ्या पत्रानंतर कळलं, आणि कळूनही पेन उचलायला इतके दिवस लागले.

दुसरी गोष्ट. मला कंटाळा नाही. मला ऐकू येत नाही. एकतीस वर्षं कानाला हेडफोन होता, त्याने घात केला. मी निवृत्त झाल्यावर त्या रोज सकाळी सातला इथे फोन करायच्या. पहिले काही महिने जमलं. मग शब्द तुटायला लागले. मी अंदाजाने हो हो म्हणायचो. एके दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं. एकदा, परत एकदा, आणि मग तिसऱ्यांदा. प्रश्न होता एवढं चालीवरून कळलं. काय होता, ते नाही कळलं. टेलिफोन ऑपरेटर बहिरा झाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी ‘हो हो, बरं, ठेवतो’ म्हणालो आणि ठेवला. त्यानंतर फोन उचलला नाही. त्यांनी काय विचारलं असेल, याचा विचार मी रोज सकाळी सातला करतो. जे मनात येतं त्याला ‘हो हो, बरं, ठेवतो’ हे उत्तर फारच वाईट आहे.

तू आता पळ. पत्र एक्स्प्रेसने टाकतोय.

मामा


२३ मार्च

मामा,

तुझं पत्र अठराला दुपारी मिळालं. मी ते वाचत वाचत जिना उतरले आणि चुकून शवागाराच्या दारात पोचले, इतकी मी ठिकाणावर होते.

आधी संगणकाने गाळलेले आकडे बघितले. ते मी कधी बघितलेच नव्हते, कारण आकडा म्हणजे नाव नव्हे असं तो मानतो आणि मीही मानत होते. ‘४४’, बावन्न वेळा. तू तीन पत्रांत तो आकडा लिहिलास आणि मी त्याला फोन समजत राहिले. एकसष्ट वहिनी, अठ्ठेचाळीस आक्का, बावन्न चव्वेचाळीस, आणि आधीच्या दोन. नवा नकाशा काढला तर कोपऱ्यातला ठिपका सरकत सरकत मधोमध आला. प्रिंटरवाला शेजारी लिंबाएवढा दिसत होता.

अधीक्षकांकडे गेले. साहेबांना न विचारता गेले, त्याचं काय होईल ते होईल. ते म्हणाले, ‘सही झाली आहे, आता काय?’ मी त्यांचाच भरलेला कागद पुढे ठेवला. कामात अडलं तर कुणाकडे जाता? पहिलं उत्तर, त्यांच्याच अक्षरात, ‘४४’. त्यांनी कागद उलटून स्वतःचं नाव तपासलं. मग मला विचारलं, ‘या बाईंचं नाव काय?’ वीस वर्षं त्यांना विचारतायत आणि नाव माहीत नाही. बाविसांची यादी त्यांनी थांबवली आहे. कागद पुन्हा भरून घ्यायचे, आणि या वेळी एक रकाना जास्त: तुम्हाला सगळे काय म्हणतात?

मी नकाशा घेऊन खाली गेले. बाईंनी चष्मा लावून बघितला. त्यांना त्याचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. म्हणाल्या, ‘सगळ्या रेघा आतच आल्यात. माझी एक बाहेर जाणारी होती, ती कुठे गेली? मी लिहिली होती.’

आम्ही दोघींनी मिळून त्यांचा कागद शोधला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘ऑपरेटर’. पुढच्या दोन ओळी रिकाम्या. यादीत आता ऑपरेटर नाही, म्हणून संगणकाने गाळलेलं. मी म्हटलं, ‘पण ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलंत कुणाकडे जाता. ते भेटतात का, असं विचारलं नव्हतंत.’

मी शेजारी बसले आणि चार चादरींच्या घड्या घातल्या. चारही चुकल्या.

तुझ्या कानांचं मी सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग. त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सोबत नवा नकाशा आहे. याच एका प्रतीवर मी तुझा ठिपका काढलाय, अगदी कडेला, आणि एक रेघ. नियमात बसत नाही.

आणि मला एक कळत नाही. मी त्यांना काय म्हणू? मावशी म्हणू, बाई म्हणू, का मामी? आज दिवसभर मी ‘अहो’वरच भागवलं.

तुझी भिंगरी


३० मार्च

लिनन रूमच्या बाईंना,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी पाचव्यांदा लिहितोय, आधीची चार फार चांगली झाली होती, म्हणून फाडली.

मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात ढोल वाजल्यासारखं काहीतरी येतं. फोन मी कंटाळून ठेवला नव्हता. तुम्ही काय म्हणताय ते मला कळेना आणि कळत नाही असं म्हणवेना. एवढी एक गोष्ट सांगायला मला सहा वर्षं लागली. मी माणूस म्हणून फार हुशार नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

त्या दिवशी तुम्ही मला तीनदा काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं? तुम्हाला आठवत नसेल तर सोडून द्या. आठवत असेल तर कृपा करून लिहून कळवा. उत्तर काय द्यायचं ते मी मनात बऱ्याच प्रकारे तयार ठेवलंय, त्यातलं कोणतं लागू पडतं ते बघतो.

आपला,
ऑपरेटर


४ एप्रिल

ऑपरेटर,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मध्ये चौथ्या वॉर्डाच्या चादरी आल्या म्हणून थांबले होते.

मला चांगलं आठवतं. मी तीनदा विचारलं होतं, ‘ऐकू येतंय का?’

नव्या इमारतीच्या आराखड्यात मला खोली दिली आहे, पण फोन अजून दिलेला नाही. नाही दिला तरी चालेल. सकाळचं टपाल इथे सातला गोळा करतात.

उत्तर लिहा.